डाव्या बाहीची मोकळीक

ड्रायव्हरबाईंनी कागदी पिशवी कापायच्या टेबलावर उलटी केली आणि त्यातून दोन शर्ट बाहेर पडले. दोन्ही नवे, दोन्ही गणवेशाचे, दोन्हींची इस्त्रीसुद्धा धड मोडलेली नव्हती.

"डावी बाही चुकली," त्या म्हणाल्या. "दोन्हींची."

कापड आखणाऱ्या शिंपीण मास्तरीणबाईंच्या हातातला खडू जागच्या जागी थांबला. मागे काजं करत बसलेल्या धाकट्या जावेनं सुई कपड्यात टोचून ठेवली, कारण असं काही ऐकायला दोन्ही कान मोकळे हवेत.

या दुकानातून कपडा परत येत नसे असं नाही. बावीस वर्षांत कॉलर परत आली होती, चेन परत आली होती, एकदा अख्खा कोट परत आला होता, कारण ज्या लग्नासाठी शिवला ते लग्नच मोडलं होतं. पण बाही कधी परत आली नव्हती. मास्तरीणबाईंची बाही खांद्यावर अशी बसे, की माणूस हात वर करून बसची दांडी धरो नाहीतर माळ्यावरचा डबा काढो, शर्ट कमरेतून हलत नसे. डेपोतले सगळे ड्रायव्हर-कंडक्टर दरवर्षी गणवेशाचं कापड घेऊन याच दुकानात येत, ते उगाच नाही.

"कापड आटलं असेल," जाऊ म्हणाली.

"नुसतं डाव्या बाजूनं?"

"असतं एखादं कापड हट्टी."

"अगं, हट्टी मी आहे, कापड नाही," ड्रायव्हरबाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. त्यांचा आवाज असा, की डेपोत त्यांना 'हॉर्न' म्हणत, तेही तोंडावर. एकोणीस वर्षं बस चालवत होत्या. पाच वर्षांपूर्वी डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, तेव्हा कामावर परतल्यावर पहिल्याच दिवशी कँटीनच्या मधोमध उभं राहून त्यांनी जाहीर केलं होतं, "एक काढलं, एक आहे. बस चालवायला हात लागतात, ते दोन्ही आहेत. आता कुणी कुजबुजायचं नाही, मला कमी ऐकू येतं." त्यानंतर कुणी कुजबुजलं नव्हतं. वर्षातून एकदा त्या इस्पितळात जात, डॉक्टर गाठ नाही म्हणत, आणि तो कागद घेऊन त्या घरी येत.

"बघते," मास्तरीणबाई म्हणाल्या. "परवा या. आणि मागच्या वर्षांचे शर्ट असतील तर तेही आणा."

"जुने कशाला?"

"बाही कशी कापली होती ते बघते."

"लवकर बघा हो. आठ-दहा दिवसांनी डेपोत मेडिकल आहे. हात धड वर गेला नाही की तो डॉक्टर 'अनफिट' लिहायला पेनचं टोपण काढतो." हे त्या हसतच म्हणाल्या. पण दारातून बाहेर पडताना पिशवी त्यांनी उजव्या हातात घेतली आणि दारही उजव्याच हातानं ओढलं, पिशवीसकट.

त्या गेल्यावर मास्तरीणबाईंनी शर्ट उलटा केला आणि डाव्या बाहीची शिवण बोटांनी चाचपली. त्यांना कोडं पडलं होतं ते वेगळंच. बाही घट्ट व्हायचं कारणच नव्हतं, कारण ती उजवीपेक्षा दीड इंच मोठी होती. हे दुकानात फक्त त्यांना माहीत होतं.

आता इथे धंद्यातली दोन गुपितं सांगायला हवीत. पहिलं असं, की शिंपी माप एकाच हाताचं घेतो. टेप उजव्या दंडाभोवती फिरतो, आकडा वहीत जातो आणि डावी बाही उजवीच्याच कागदावरून कापली जाते. माणसाचे दोन हात सारखे असतात, या भरवशावर सगळं शिवणकाम उभं आहे.

दुसरं गुपित मास्तरीणबाईंना सासूबाईंनी शिकवलं होतं. काम शिकवता शिकवता सासूबाईंनी टोमणेही पुष्कळ शिकवले, ते जावेनं उचलले. मास्तरीणबाईंनी कायदे उचलले. पहिला कायदा: माप मोठ्यानं वाचायचं नाही. कुणाची कंबर वाढली, कुणाचा खांदा उतरला, ते टेपला आणि वहीला कळलं म्हणजे पुरे. गिऱ्हाइकाला कळायचं ते इतकंच, की कपडा बसला. म्हणून मास्तरीणबाई मुकाट्यानं इंच-अर्धा इंच सोडत आल्या होत्या. निम्म्या वस्तीचा असा ठाम समज होता, की आपलं माप गेल्या वीस वर्षांत बदललेलंच नाही, आणि त्या समजाच्या शिवणी मास्तरीणबाईंच्या होत्या.

"वह्या काढ," त्या जावेला म्हणाल्या.

"कुठल्या?"

"पाच वर्षांच्या."

जाऊ स्टुलावर चढली, पुटपुटत वह्या काढल्या, पुटपुटतच त्यांची धूळ मास्तरीणबाईंच्या दिशेनं झटकली. मग दोघी टेबलाला कोपर टेकून बसल्या आणि डेपोची पानं उलटू लागल्या. ड्रायव्हरबाईंचं पान सापडायला वेळ लागला नाही, कारण नावाच्या जागी मास्तरीणबाईंनी दरवर्षी छोटा हॉर्न काढला होता.

पाच वर्षांपूर्वी: दंडघेर साडेअकरा. एकच आकडा.

चार वर्षांपूर्वी: दंडघेर साडेअकरा. शेजारी पेन्सिलीनं, मुंगीच्या अक्षरात, 'डा. अर्धा ज्यादा'.

पुढच्या वर्षी साडेअकरा, आणि मुंगी म्हणत होती पाऊण. त्याच्या पुढची दोन वर्षं एक. या वर्षी दीड. उजवा दंड जिथल्या तिथे.

जावेनं बोट एका पानावरून दुसऱ्यावर नेलं, मग परत मागे आणलं. "ताई, ही बाई जाड होत नाहीये. हिचा एकच हात जाड होतोय."

"दिसतंय मला."

"कधीपासून?"

जावेनं सहज विचारलं होतं. बोबिनमधला दोरा कधी संपला असं विचारावं तसं. उत्तर मात्र मास्तरीणबाईंच्याच अक्षरात समोर होतं.

"चार वर्षांपासून," त्या म्हणाल्या.

त्यांना तो पहिला अर्धा इंच आठवला. पडद्यामागे ट्रायलला डाव्या बाहीवर एक आडवी सुरकुती पडली होती. ऑपरेशनला वर्ष झालं असेल-नसेल. बाईला आठवण कशाला करून द्या, असं म्हणून त्यांनी 'छान बसलाय' म्हटलं होतं आणि घरी न्यायच्या आधी बाही हळूच उसवली होती. त्या रात्री त्यांना शांत झोपही लागली होती.

तिसऱ्या दिवशी जुने शर्ट आले. मास्तरीणबाईंनी ते टेबलावर एकाशेजारी एक मांडले, डाव्या बाह्यांचे घेर मोजले. वही खरं बोलत होती. मग त्यांनी ड्रायव्हरबाईंना पडद्याआड घेतलं, आधी उजव्या दंडाला टेप लावला, मग डाव्या. डाव्या हाताच्या कातडीवर टेपची कड उमटली आणि टेप काढल्यावरही थोडा वेळ तशीच राहिली.

मास्तरीणबाईंनी बावीस वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं वाचलं, "उजवा साडेअकरा. डावा साडेतेरा."

पडद्यापलीकडे मशीन थांबलं.

"टेप सैल धरलात," ड्रायव्हरबाई म्हणाल्या.

"टेप सैल धरला तर दोन्हीकडे सैल धरेन ना."

"मग कामाचा हात आहे. गिअरला तोच असतो सगळा वेळ."

"कामानं हात घट्ट होतो हो. हा मऊ आहे. इस्पितळात दाखवलात का?"

"इस्पितळात गाठ विचारतात. गाठ नाही. कागद आहे माझ्याकडे, शिक्क्यासकट." त्यांनी शर्ट अंगावर ओढला आणि बटणं लावायला लागल्या, एक वर एक खाली. "बाही मोठी करून द्या. आणि मेडिकल होईपर्यंत तुमचे आकडे वहीत राहू द्या. वहीतच बरे दिसतात ते."

"करून देते. पण..."

"पण नको, मास्तरीणबाई. पण म्हणणारे मला पाच वर्षांत पुष्कळ भेटले."

मग काय करणार? मास्तरीणबाईंनी बाही उसवली, शिवणीत दुमडून राखलेलं उरलंसुरलं कापड सोडलं, काखेत त्याच कापडाची पट्टी घातली आणि परत शिवली. काम असं झालं, की पट्टी शोधायला भिंग लागलं असतं. ड्रायव्हरबाईंनी आरशासमोर डावा हात वर केला, खाली केला, स्टिअरिंग फिरवल्यासारखा फिरवला. चेहऱ्यावरचा ताण उतरला. "याला म्हणतात बाही," म्हणाल्या, आणि गेल्या.

"आता हसताय काय तुम्ही?" जाऊ म्हणाली. मास्तरीणबाई हसत नव्हत्या, त्यांचा चेहरा विचार करताना तसा दिसे.

"अगं, ती मेडिकलला पास होणार."

"मग बरंच की."

"माझ्या शर्टामुळे पास होणार. ज्या एका डॉक्टरनं वर्षात तिचा हात बघितला असता, त्यालाही आता दिसायचा नाही."

जाऊ टोमणा न मारता वह्या एकावर एक रचू लागली.

मास्तरीणबाईंचं शिक्षण शाळेच्या हिशेबानं थोडं झालं होतं, पण एखादी गोष्ट कशानं होते हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मशीन बिघडलं की त्या मेकॅनिकला बोलवायच्या आधी ते सोडून बघत. दंड एवढा वाढतो तर त्यात भरतं काय? चरबी असती तर दोन्हीकडे भरली असती. सूज असती तर दुखली असती. आणि दरवर्षी पाव-अर्धा असं मोजून मापून कोण भरतं? दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सगळ्या वह्या पिशवीत घातल्या आणि इस्पितळ गाठलं.

फेरतपासणीच्या खिडकीतल्या माणसानं मान वर न करता हात पुढे केला. "केसपेपर?"

"नाही."

"पेशंट कोण?"

"पेशंट बस चालवतेय."

आता त्यानं मान वर केली. "मग तुम्ही कोण?"

"मी तिची टेलर."

त्यानं थोडा विचार केला, फॉर्मवर 'नाते' या रकान्यात 'टेलर' असं लिहिलं आणि फिजिओथेरपीच्या खोलीकडे बोट केलं. हाताचं काही असेल तर शेवटचं दार, म्हणाला. मास्तरीणबाईंना तो माणूस फार आवडला.

शेवटच्या दाराआड एक लहानशी खोली होती. एक पलंग, एक वॉश बेसिन, कपाटात बँडेजची भेंडोळी, आणि खिळ्याला टांगलेला टेप. तो टेप बघून मास्तरीणबाईंना परक्या गावात माहेरचं माणूस भेटावं तसं झालं. खोलीतल्या फिजिओथेरपिस्टबाई वयानं पस्तिशीच्या आत-बाहेर असतील. डबा अर्धा संपवून त्या हात धूत होत्या.

"नाव सांगणार नाही मी तिचं," मास्तरीणबाईंनी आधीच बजावलं आणि वह्या पलंगावर उघड्या केल्या.

फिजिओबाई उभ्यानं वाचू लागल्या, मग बसल्या. "हे कुणी लिहून ठेवलं?"

"मी."

"कशासाठी?"

"बाही बसावी म्हणून."

फिजिओबाई हसल्या नाहीत. "तुम्हाला कल्पना आहे का, माझ्याकडे बायका येतात तेव्हा हात उशीएवढा झालेला असतो. मी विचारते, कधीपासून? सांगता येत नाही. ऑपरेशनच्या आधीचं माप? कुणाकडेच नसतं. सर्जन गाठ बघतात, औषधवाले डॉक्टर रक्त बघतात. हात कुणाच्याच वाट्याला येत नाही. आणि तुमच्याकडे पाच वर्षांची मापं आहेत, तीही पावपाव इंचाची."

"पण त्यात भरतं काय?" मास्तरीणबाईंनी इतका वेळ दाबून धरलेला प्रश्न विचारला.

फिजिओबाईंनी त्यांचाच हात धरून दाखवलं. काखेत ग्रंथी असतात. हातातलं जादा पाणी त्या वाटेनं परत जातं. ऑपरेशनमध्ये ग्रंथी काढाव्या लागतात, कधी वरून रेडिएशन दिलेलं असतं. वाट अरुंद झाली की पाणी मागे तुंबतं. सगळ्यांचं तुंबत नाही; ज्यांचं तुंबतं त्यांचं कधी महिन्यात, कधी काही वर्षांनी. बहुतेकदा हळूच चढतं, म्हणून कळत नाही.

"गटार तुंबावं तसं."

"ओढा म्हणू या," फिजिओबाई म्हणाल्या.

मास्तरीणबाईंनी चार वर्षांपूर्वीच्या पानावर बोट ठेवलं. "हिला या अर्ध्या इंचाला आणली असती तर?"

"तर काम सोपं होतं." त्या बाईंनी उत्तर गोड करून दिलं नाही, याचं मास्तरीणबाईंना नंतर बरं वाटलं, तेव्हा नाही वाटलं. "आताही होतं. पूर्ण जात नाही, पण उतरतं, आणि आटोक्यात ठेवता येतं. मात्र आधी सर्जननी बघायला हवं, हे दुसऱ्या कशामुळे नाही ना म्हणून. पाठवा त्यांना."

"ती यायची नाही."

"मग घेऊन या."

"अहो, मी टेलर आहे."

"या खोलीत वही घेऊन आलेलं आजवरचं एकमेव माणूस तुम्हीच आहात," फिजिओबाई म्हणाल्या आणि डब्याचं झाकण उघडलं.

शुक्रवारी मास्तरीणबाई बसमध्ये चढल्या. ड्रायव्हरबाईंची फेरी बाजारापासून शेवटच्या स्टॉपपर्यंत असे. मास्तरीणबाईंनी ड्रायव्हरच्या मागची, जरा तिरकी पडणारी सीट धरली. डोक्यावर पाटी होती: गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये.

आरशात दोन डोळे त्यांच्यावर आले. "कुठे निघालात?"

"शेवटपर्यंत."

"पाटी वाचा आणि गप्प बसा."

मास्तरीणबाई पाटी वाचून गप्प बसल्या आणि बघत राहिल्या. बस मोठी, स्टिअरिंग जुनं आणि जड. डावीकडचं वळण आलं की उजवा हात स्टिअरिंगवरून आडवा जाऊन सगळं ओढून आणायचा, डावा मागून यायचा, उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखा नुसता टेकायचा. प्रत्येक स्टॉपला ड्रायव्हरबाई डावा हात उचलून समोरच्या काचेखालच्या फळीवर ठेवायच्या, मूठ उघडायच्या, मिटायच्या. बाही कुठे अडत नव्हती, कुठे ताणत नव्हती. झकास बसली होती. तेच वाईट होतं.

शेवटच्या स्टॉपला सगळे उतरले. कंडक्टर चहाला गेला. इंजिन बंद झालं आणि बसमध्ये एकदम शांतता झाली.

"हं," ड्रायव्हरबाई सीटवर वळल्या. "दहा मिनिटं आहेत. पण म्हणायला आला असाल तर परतीचं तिकीट काढा आणि मागच्या सीटवर बसा."

"माफी मागायला आलेय."

"कसली? बाही उत्तम झालीय."

"चार वर्षं उत्तम होतेय, त्याची." आणि मास्तरीणबाईंनी सांगून टाकलं. अर्धा इंच, मग पाव, मग पाव, मग अर्धा. उसवलेल्या शिवणी, मुंगीच्या अक्षरातल्या नोंदी, पडद्यामागे म्हटलेलं 'छान बसलाय'. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. दरवर्षी वाटायचं, एवढ्यानं काय होतंय. सूज वाढत गेली आणि मी तिच्या मापानं बाही वाढवत गेले. तुमचा हात मी तुमच्यापासूनच लपवला."

ड्रायव्हरबाईंचा आवाज पहिल्यांदाच हळू आला. "म्हणजे पहिल्या वर्षीच शर्ट घट्ट झाला असता?"

"हो."

"आणि मी तुमच्या दुकानात बोंबलत आले असते."

"सगळा रस्ता गोळा झाला असता."

ड्रायव्हरबाई काचेतून बाहेर बघत राहिल्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक भिंत आणि एक सायकल. "मला वाटायचं हो," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी हात भरल्यासारखा वाटायचा. ओल्या वाळूचं पोतं बांधावं तसा. मग मी म्हणायचे, शर्ट तर बसतोय. शर्ट बसतोय म्हणजे हात ठीक आहे, मीच घाबरट झालेय. कॅन्सर झालेली बाई काय, जरा खुट्ट झालं की घाबरते, असं नर्सच म्हणाली होती एकदा. म्हणून विचारलंच नाही कुणाला." त्या वळल्या. "मी माझ्या हातापेक्षा तुमच्या बाहीवर विश्वास ठेवला, मास्तरीणबाई!"

मास्तरीणबाई मान खाली घालून बसल्या. एवढी मोठी बाई, शाळेत बाकावर उभी केल्यासारखी.

"आणि आता बोलले," ड्रायव्हरबाईंचा हॉर्न परत आला, "तर तो डॉक्टर मला चौकशीच्या खिडकीत बसवणार. गाडी किती वाजता, गाडी कुठे लागते! एकोणीस वर्षं मी गाडी लावलीय. ती कुठे लागते हे सांगत बसू?"

"मघाशी तीन वेळा तुम्ही उजव्या हातानं डावं वळण घेतलंत."

"मोजलंत?"

"मोजायचाच धंदा आहे माझा. उद्या उजवा हात कशाला अडकला असेल, आणि समोर शाळेतली पोरं आली तर?"

ड्रायव्हरबाई चिडून समोर वळल्या. कंडक्टर चहा संपवून आला. प्रवासी चढू लागले. परतीच्या वाटेवर त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि पाटी होतीच. बाजार आला तेव्हा मास्तरीणबाई उतरण्यासाठी उभ्या राहिल्या, तशा समोर बघतच त्या म्हणाल्या, "उद्या सुट्टी आहे माझी. वह्या घेऊन या. आणि ती मुंगी मी स्वतः वाचणार आहे."

शनिवारी सर्जननं नेहमीप्रमाणे विचारलं, "काही तक्रार?" ड्रायव्हरबाईंनी नेहमीप्रमाणे नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मास्तरीणबाईंनी टेबलावर वह्या ठेवल्या. दोन मिनिटांची तपासणी अर्धा तास चालली. काख बघितली, मान बघितली, त्याच दिवशी सोनोग्राफी झाली. बाहेर बाकावर बसून ड्रायव्हरबाईंनी जगातल्या सगळ्या शिंप्यांना शिव्या घातल्या, आणि मास्तरीणबाईंनी त्या घालू दिल्या, कारण दोघींच्याही मनात एकच भीती होती आणि तिला काहीतरी आवाज हवा होता. नवीन काही नाही, असं कळलं तेव्हा त्या थांबल्या.

शेवटच्या दाराआड फिजिओबाईंनी मनगटापासून दर दहा सेंटिमीटरवर पेननं खुणा केल्या आणि टेप लावला.

"तिरका गेलाय," मास्तरीणबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"मग तुम्ही धरा."

मास्तरीणबाईंनी टेप धरला. फिजिओबाईंनी आकडे लिहिले. दोघींची जोडी बरी जमली. उपचार सहा आठवड्यांचा ठरला: हलक्या हातानं मालिश, व्यायाम, थरावर थर बँडेज, कातडीची निगा. आणि तोवर बस नाही.

सोमवारी ड्रायव्हरबाई मेडिकलला जुना, उसवून आत घेतलेला शर्ट घालून गेल्या. हात लपू नये म्हणून बाही मास्तरीणबाईंकडूनच मुद्दाम आत घेऊन आणली होती. डेपोच्या डॉक्टरनं पेनचं टोपण काढायच्या आतच त्यांनी फिजिओबाईंचं पत्र त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं वाचलं आणि पेनचं टोपण काढलंच. सहा आठवडे चौकशीची खिडकी, नंतर पुन्हा तपासणी. गाडी परत मिळेलच असं लिहून देत नाही, म्हणाला.

सहा आठवडे बसस्टँडावर लाउडस्पीकरची गरज पडली नाही. बँडेजनं गुंडाळलेला हात खिडकीच्या कट्ट्यावर उंच ठेवून ड्रायव्हरबाई चौथ्या फलाटापर्यंत ऐकू जाईल असं सांगत, की गाडी लागली आहे, आणि ती कशी वाकडी लागली आहे. ड्रायव्हर लोक वैतागले. दर शनिवारी त्या इस्पितळातून परस्पर दुकानात येत, कारण फिजिओबाईंचं माप एकदा मास्तरीणबाईंकडून ताडून घेतल्याशिवाय त्यांना पटत नसे. आता आकडे मोठ्यानं वाचले जात. सव्वातेरा. तेरा. पुढच्या आठवड्यात परत सव्वातेरा, तेव्हा त्या इतक्या रडल्या की जावेनं आपला चहा त्यांना दिला. मग पावणेतेरा. साडेबारा. तिथे आकडा थांबला. उरलेला इंच राहणार, फिजिओबाई म्हणाल्या, त्याला सांभाळायचं.

दरम्यान दुकानात दोन अनोळखी बायका येऊन गेल्या. कापड नाही, काही नाही. इस्पितळातल्या बाईंनी पाठवलंय, म्हणाल्या, दोन्ही हात मोजून लिहून ठेवा. "शिलाई नाही, नुसतीच मापं," जाऊ म्हणाली. "चालू द्या." पण नवी वही तीच घेऊन आली आणि रकाने तिनंच आखले, उजवा वेगळा, डावा वेगळा.

सातव्या आठवड्यातल्या मंगळवारी दुपारी ड्रायव्हरबाई घाईघाईनं दुकानात शिरल्या. अंगात गणवेश होता. डाव्या हातावर मनगटापासून दंडापर्यंत कातडीच्या रंगाची एक घट्ट बाही.

"गाडी मिळाली?" जावेनं ओरडून विचारलं.

"मिळाली. जड स्टिअरिंगची नाही, नवी, बोटानं फिरते ती. आखूड फेरी. सहा महिने बघतो म्हणाला डेपोचा डॉक्टर. दर महिन्याला हाताचं माप कागदावर आणून द्यायचं. इस्पितळाची तारीख चार महिन्यांनी. मी म्हटलं, माझी एक टेलर आहे. तो म्हणाला, टेलर? मी म्हटलं, तुम्ही आधी पाव इंच ओळखून दाखवा, मग हसा." त्यांनी श्वास घेतला. "महिन्याचा पहिला मंगळवार, याच वेळेला. जमेल ना?"

मास्तरीणबाईंचं लक्ष नव्हतं. त्या टेबलाला वळसा घालून आल्या होत्या आणि त्या कातडीच्या रंगाच्या बाहीकडे टक लावून बघत होत्या.

"ही काढा जरा."

"अहो, ही दिवसभर घालायची असते. दाबाची आहे."

"दोन मिनिटं."

काढायलाच दोन मिनिटं लागली. मास्तरीणबाईंनी ती खिडकीच्या उजेडात धरली, आतून बाहेर केली, बोटात घालून ताणली. मनगटाशी घट्ट, वर जाईल तसतशी मोकळी, आणि कुठेही जोड नाही. त्यांनी जावेला हाक मारली. दोघी डोक्याला डोकं लावून बघू लागल्या.

"शिवण कुठाय?" जाऊ म्हणाली.

"तेच शोधतेय."

"विणलीय वाटतं. गोल."

"गोल विणली तर दाब खाली जास्त आणि वर कमी कसा केला असेल? टाके मोजायला पाहिजेत. भिंग दे बघू."

"मास्तरीणबाई, माझी गाडी."

"थांबा हो."

"थांबा म्हणून बस थांबते होय? दोन-चाळीसची आहे, आणि आज पहिला दिवस आहे माझा." त्यांनी उघडा डावा हात टेबलावरून पुढे केला, खडूचा डबा कोपरानं सरकवत. "चला, चढवा आता दोघींनी मिळून. मनगटाकडून. आणि सुरकुती ठेवाल तर बघा."